कादिझचे रविवार

कादिझचा संघ पुन्हा हरला, हे मला सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कळायचं. माझी बायको शुक्रवारी सकाळी कुठे असते, हे कळायला मात्र फेब्रुवारी उजाडला. कादिझ हे स्पेनच्या दक्षिण टोकाचं एक बंदर. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला, रामोनच्या म्हणण्याप्रमाणे, उरलेला अडाणी देश. मी ते कधी पाहिलेलं नाही. नाशिकमध्ये मी आयुष्याची एकतीस वर्षं काढली. तरीही त्या साली मला कुठल्या गावाची खबर जास्त होती असं कुणी विचारलं असतं, तर मी कादिझ म्हणालो असतो आणि त्यात काही चमत्कारिक आहे असं मला वाटलंही नसतं.

रामोन आमच्या प्रकल्पावरचा स्पॅनिश इंजिनिअर. प्रकल्प म्हणजे रियाधच्या उत्तरेला होणारं सांडपाण्याचं एक पंपिंग स्टेशन. सल्लागार कंपनी माद्रिदची, मजूर थायलंडचे, कफील, म्हणजे आमच्या व्हिशांचा जामीन, सौदी आणि वेळापत्रक माझं. मी प्लॅनिंग इंजिनिअर. कुठलं काम कधी सुरू होईल, कधी संपेल आणि उशीर झाला तर तो कुणाच्या माथी मारायचा, हे आडव्या पट्ट्यांनी कागदावर दाखवणं हा माझा धंदा. नव्वद सालच्या दोन ऑगस्टला इराक कुवेतमध्ये शिरलं. ही घटना माझ्या कुठल्याच पट्टीत नव्हती. रामोन सुट्टीवर निघालाच होता. जाताना त्याने रियाधच्या मलाझ भागातल्या आमच्या ऑफिसात, माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर, एक भलामोठा चौकटींचा तक्ता चिकटवला. वीस संघ, अडतीस फेऱ्या. "तीन आठवड्यांत येतो," तो म्हणाला. "तोवर तू भर. रिकामा तक्ता मला बघवत नाही." तो कादिझचा होता. त्याचा संघ दरवर्षी तळाशी असतो आणि दरवर्षी कसाबसा बुडायचा वाचतो, हे त्याने मला, एखादा आपल्या घराण्याची मूळव्याध सांगतो तशा अभिमानाने, सांगितलं होतं. रामोन आला नाही. मजूर गेले, मुकादम गेले, क्रेन वाळूत उभी राहिली. मी मात्र दर शनिवारी माद्रिदला अहवाल पाठवत राहिलो, कारण करारात तसं लिहिलेलं होतं. या आठवड्यातली प्रगती : शून्य पूर्णांक शून्य टक्के. आणि दर सोमवारी माद्रिदहून टेलेक्सने पोच यायची. तिच्या खाली रामोनसाठी रविवारच्या सामन्यांचे निकाल असायचे आणि त्याखाली पिलार अशी सही. ऑक्टोबरात एकदा मी प्रामाणिकपणे कळवलं, की रामोन इथे नाही, तरी निकाल उपयोगी पडत आहेत. पिलारचं उत्तर आलं : ठीक. त्या साली माझा इतका सरळ पत्रव्यवहार दुसऱ्या कुणाशी झाला नाही.

माझी बायको विद्या आणि मुलगी मुग्धा ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला नाशिकला गेल्या. पासपोर्टवर सहा महिन्यांचा परतीचा व्हिसा, फेब्रुवारीच्या सत्तावीसपर्यंत. विमानतळावर मुग्धा तिच्या शाळेतल्या मैत्रिणींशी इंग्रजीत रडत होती. विद्या मला फ्रीजमध्ये काय काय आहे ते सांगत होती. कोबीची भाजी दोन दिवसांची आहे, दही आजचं आहे, इडलीचं पीठ शुक्रवारपर्यंत टिकेल. मग ती आत गेली. आत जाताना ती मागे वळून बघेल म्हणून मी थांबलो होतो. माझ्यासारखेच अनेक नवरे थांबले होते. सगळ्यांचे चेहरे बस चुकल्यासारखे. घरी आलो आणि उभ्याउभ्याच कोबीची भाजी खाल्ली. इडल्या मला करता येत नाहीत. ते पीठ शुक्रवारनंतरही बरेच दिवस फ्रीजमध्ये होतं, फुगत, आणि मी फ्रीज उघडून त्याची प्रगती बघत असे. घरात प्रगती तेवढीच.

सप्टेंबरचे पहिले दोन शुक्रवार ती फोनवर आली. नाशिकला आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या बर्वे वकिलांकडे होता. दिवाणखान्यात, विणलेल्या रुमालाखाली. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी मलाझमधल्या टेलिफोन कॅबिनसमोर रांगेत उभा राहायचो. जुम्म्याच्या नमाजाआधी सगळं बंद होतं, म्हणून ती वेळ. नाशिकला तेव्हा साडेअकरा. तिसऱ्या शुक्रवारी, एकवीस सप्टेंबरला, वकिलांकडे स्वयंपाक करणाऱ्या शेवंताने फोन उचलला.

"ताई शाळेत गेल्यात."

"आणि मुग्धा?"

"ती बी शाळेतच. फोडणी करपती माझी. ठेवते."

मी कॅबिनबाहेर आलो. दुकानं बंद होती. रस्त्यावर एक मांजर आणि दोन फिलिपिनो. सगळं शहर पाठ करून झोपलेलं, जसं ते चौदा वर्षं दर शुक्रवारी झोपत आलं होतं. शुक्रवारी कसली शाळा? हा प्रश्न मला कोपऱ्यावरच्या बंद बेकरीपाशी पडला आणि तिथेच मी थांबलो. शुक्रवार हा सुट्टीचा वार. शुक्रवारी मुग्धा अकराला उठते. शुक्रवारी विद्या डोक्याला तेल लावते, मी गाडी धुतो आणि संध्याकाळी आम्ही बथाच्या बाजारात जाऊन भेंडी आणतो. हे मी नुसतं मानत नव्हतो, हे माझ्या अंगात होतं. गुरुवारी दुपारी माझे खांदे आपोआप सैल पडायचे आणि शनिवारी सकाळी पुन्हा ताठ व्हायचे. तेव्हा शेवंता खोटं बोलली. आणि शेवंताला माझ्याशी खोटं बोलायचं कारण नाही. तिला सांगायला लावलं असणार. पाहता पाहता मला ते दृश्य दिसू लागलं. विणलेला रुमाल बाजूला केलेला, शेवंताच्या कानाला फोन आणि दोन पावलांवर विद्या उभी. ओठांवर बोट नाही, काही नाही, फक्त हात हलवून, शांतपणे : नाही म्हणून सांग. त्या हाताची हालचाल मला ओळखीची होती. जेवताना मी आणखी वाढू लागलो की ती तसाच हात हलवायची.

हाशम खेडेकर आमच्या ऑफिसचा स्टोअरकीपर. हर्णैचा. कंपनीने फ्लॅटचं भाडं वाचवायला त्याला माझ्याकडे हलवलं, म्हणजे मुग्धाच्या खोलीत. तिच्या भिंतीवरच्या कोआलाच्या चित्राखाली तो नमाज पढायचा. दिवसा तो रिकाम्या गोदामाचा हिशेब ठेवायचा आणि संध्याकाळी आम्ही दोघं मिळून डाळ करायचो. मी त्याला सगळं सांगितलं नाही. मी आडून विचारलं.

"हाशमभाई, तुमच्या पोरांच्या शाळेला शुक्रवारी सुट्टी असते ना?"

"शुक्रवारी नाय तर कधी? उर्दू शाळा ती. मास्तरच मशिदीत असतो."

"तेच म्हणतो मी."

"का? काय झाला?"

"काही नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याने डाळीत जास्तीचं पाणी घातलं. आमच्या दोघांच्या एकमताने विषय पक्का झाला. एक नाशिकचा ब्राह्मण आणि एक हर्णैचा मुसलमान एखाद्या गोष्टीवर सहमत झाले, की ती खोटी असूच शकत नाही.

त्यानंतरचे महिने मला तक्त्याच्या रांगांनी आठवतात. रेआल माद्रिद, पाच वर्षं सलग जिंकलेला संघ, घसरायला लागला होता आणि बार्सिलोना वर चढत होतं. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, हरलं की काही नाही. असा स्वच्छ हिशेब मी लग्नात कधी पाहिला नव्हता. दर सोमवारी मी निकाल भरायचो, पट्टी लावून, तीन रंगांच्या पेनांनी. आणि दर दुसऱ्या शुक्रवारी फोन करायचो. ताई शाळेत गेल्यात. ताई शाळेत गेल्यात. एकदा वकिलीणबाईंनी उचलला. त्याही म्हणाल्या, शाळेत गेली ती. म्हणजे त्यासुद्धा सामील होत्या. मी "बरं, सांगा फोन आला होता" एवढंच म्हणायचो आणि आवाजात काही येऊ द्यायचो नाही. कसली शाळा, असं विचारलं असतं तर दोन मिनिटांत सुटलं असतं. पण विचारणं म्हणजे संशय दाखवणं, आणि संशय आपल्याला शोभत नाही असं मला माझ्याविषयी वाटत असे. दिवाळीत ती घरी होती. पाडव्याच्या शुक्रवारी बोललो. तिकडे दिवाणखान्यात वकिलांचे जावई, मुलं, फराळाचं ताट आणि कुणीतरी मोठ्याने खोकणारं. इकडे माझ्यामागे काच ठोठावणारा केरळचा एक गडी.

"बरं आहे ना?"

"बरं आहे. तिकडे?"

"इकडेही."

"चकल्या झाल्या?"

"झाल्या. तुम्ही जेवता ना वेळेवर?"

मी हो म्हणालो. तीन मिनिटं संपली. दिवाळीच्या दिवशी चारचौघांत टाळता येत नाही म्हणून आली, असं मी परतताना ठरवलं. एकदा काही ठरवलं की पुरावे स्वतःहून चालत येतात. प्लॅनिंगमध्ये मी हे नेहमी पाहिलं आहे. तिची पत्रं यायची. त्यांत मुग्धाचं गणित, आईंचे गुडघे, गल्लीतला कुत्रा. तिचं स्वतःचं काही नसायचं. पण तसं पाहिलं तर चौदा वर्षं मला तिचं स्वतःचं काही दिसलं होतं का, हा प्रश्नही त्या हिवाळ्यात एकदा पडला, भांडी घासताना, आणि पाण्याबरोबर गेला. मला आठवायचं ते भलतंच. ती संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असायची. खिडकीला जाड पडदा, पलीकडे दुसऱ्या इमारतीची भिंत. मी आलो की ती वळायची आणि विचारायची, "आज काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही, नेहमीचंच." ती मान हलवायची. आता मी संध्याकाळी त्याच खिडकीशी उभा राहायचो आणि मला विचारायला कुणी नव्हतं, आणि मला सांगायला केवढं होतं. युद्ध येऊ घातलं होतं, कादिझ तळाला होतं.

नाताळात स्पेनची लीग बंद असते. पिलारचा टेलेक्स आला नाही. तक्त्यात भरायला काही नव्हतं आणि का कोण जाणे, त्या शुक्रवारी मी फोनलाही गेलो नाही. सगळ्याच गोष्टींना सुट्टी असल्यासारखं वाटलं. इराकला कुवेत सोडायला दिलेली पंधरा जानेवारीची मुदत जवळ येत होती. शहरात गॅसच्या मुखवट्यांची आणि चिकटपट्टीची विक्री चालली होती. पाच जानेवारीला, शनिवारी, अबू तुर्की माझ्या टेबलाशी आला. हा आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारदरबारी कागद फिरवणारा माणूस. उंच, सुगंधी आणि कायम घाईत. त्याच्या हातात यादी होती. ज्यांच्या बायका बाहेर गेल्या आहेत त्यांचे परतीचे व्हिसे वाढवायचे तर आत्ताच, कारण पुढे काय होईल अल्ला जाणे. त्याने माझ्या नावावर पेन टेकवलं आणि विचारलं, मदाम परत येणार की नाही?

मी तक्त्याकडे बघत होतो. खरं तर बघत नव्हतो, नजर तिकडे होती. मला त्या क्षणी राग आलेला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, राग उतरतो. मला एक प्रकारचा टापटीपपणा सुचला. जे काम पुढे सरकत नाही ते अहवालातून काढून टाकावं, तसा. मी म्हणालो, "खलास." अरबीत माझा शब्दसंग्रह बेताचा होता. "थांब, विचारून सांगतो" याला अरबीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. अबू तुर्कीने माझ्या नावापुढे एक छोटी रेघ ओढली, म्हणाला, "यल्ला," म्हणजे चला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला. पुढच्या टेबलावर कुणी नव्हतं.

सतरा तारखेला युद्ध सुरू झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत रियाधवर क्षेपणास्त्रं येऊ लागली. आम्ही मधल्या स्टोअररूमला सीलबंद खोली केलं होतं. दाराच्या फटींना चिकटपट्टी, उंबऱ्याशी ओला टॉवेल. आत तांदळाची पोती, विद्याचं शिलाई मशीन आणि आम्ही दोघं, मुखवटे लावलेले, समोरासमोर, दोन हत्तींसारखे. हाशम दुवा मागायचा. आधी बायकोसाठी, मग मुलांसाठी, मग रियाधसाठी आणि वेळ उरला तर कादिझसाठी, कारण बंदरावरची माणसं म्हणजे आपलीच, असं त्याचं म्हणणं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा संध्याकाळी भोंगा वाजला आणि मी हातात होता तो कागद घेऊनच आत शिरलो. पुढच्या फेऱ्यांच्या तारखांची यादी होती ती. तांदळाच्या पोत्यावर बसून आम्ही वाट बघत होतो. वाट बघताना माणूस काहीही वाचतो. हाशमने कागद घेतला, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघितला आणि मुखवट्यातून, विहिरीतून यावा तशा आवाजात म्हणाला,

"हे लोक सारखे रविवारीच का खेळतात?"

"सुट्टी असते."

"कोणाला?"

"सगळ्यांना. तिकडे रविवारी सुट्टी असते."

"हां," तो म्हणाला. त्याने कागद मला परत दिला. "आपल्याकडे पण रविवारीच की, राजाभाऊ."

बाहेर कुठेतरी धप्प असा आवाज झाला. दाराला लावलेली पट्टी थरथरली. मला त्या आवाजाचं काहीच वाटलं नाही.

"तुम्ही म्हणालात, शुक्रवारी शाळेला सुट्टी असते."

"आमच्या उर्दू शाळेला. तुमच्या शाळेचा मला काय ठाऊक? तुमी कुठल्या शाळेचा विचारलात?"

मुखवट्याच्या काचेवर आतून वाफ धरली आणि हाशम दिसेनासा झाला. मी नाशिकला अकरा वर्षं शाळेत गेलो होतो, दर शुक्रवारी. शुक्रवारी आम्हाला चित्रकला असायची. हे मला आठवत होतं, स्वच्छ, रंगपेटीच्या वासासकट. ते कधीच विसरलो नव्हतो. फक्त ते कुठे लावायचं ते मला सुचलं नव्हतं. धोका टळल्याचा भोंगा वाजला तरी मी मुखवटा काढला नाही. "काढा आता," हाशम म्हणाला. "इराकने गॅस नाय टाकला." मी म्हणालो, राहू दे जरा.

पुढच्या रविवारी, कामाच्या दिवशी, सकाळी साडेआठला मी ऑफिसातून उठलो आणि कॅबिनमध्ये गेलो. रांग नव्हती. विद्यानेच फोन उचलला. ती वकिलांकडे बातम्या ऐकायला बसलेली होती. माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "काय झालं? ठीक आहात ना? आज कसा फोन?" मी ठीक आहे म्हणालो आणि विचारलं, तू शुक्रवारी कुठे असतेस.

"शाळेत. सांगत होते ना सगळे तुम्हाला."

"मुग्धाच्या?"

"मुग्धाच्याच. तिथे शिकवते मी. सप्टेंबरपासून. आठवी-नववीला विज्ञान."

ती पुढे बोलत होती. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, विचारणा झाली, म्हणून सहज. मग त्या बाई आल्याच नाहीत. पत्रात का नाही लिहिलंस, मी विचारलं. "लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, कशाला? आणि मला त्याचं उत्तर नव्हतं." मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करता. मी नसते त्या वेळेला फोन. म्हणजे फोन केल्यासारखाही होतो आणि बोलावंही लागत नाही." हे ती चिडून म्हणाली नाही. हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हणाली. म्हणजे पाच महिने ती तिकडे माझा हात बघत होती : नाही म्हणून सांग. मला हसू आलं, आणि ते हसणं कॅबिनमध्ये इतकं मोठं वाटलं की बाहेरच्या पाकिस्तानी कारकुनाने वर पाहिलं. मी तिला शुक्रवारची गोष्ट सांगितली. ती हसली. चौदा वर्षांत मी तिला फोनवर हसताना ऐकलं नव्हतं, कारण चौदा वर्षं आम्ही एका घरात राहत होतो. मग ती म्हणाली, "मार्चअखेर परीक्षा संपतात. शाळेने कायम करतो म्हटलंय, पण मी सांगितलंय त्यांना, आम्ही एप्रिलमध्ये जाणार. व्हिसा वाढवून ठेवलायत ना?"

"बघतो," मी म्हणालो.

बघितलं. अबू तुर्की क्षेपणास्त्रांना कंटाळून बुरैदाला, मावसभावाच्या खजुराच्या बागेत, राहायला गेला होता. तीन दिवसांनी फोनवर सापडला. युद्ध संपू दे, मग, तो म्हणाला. मागे कुणीतरी कॉफी ओतल्याचा आवाज आला. मी स्वतः पासपोर्टच्या ऑफिसात गेलो. तिथल्या शिपायाने मला मंदूब कुठे आहे असं विचारलं. बागेत, मी म्हणालो. सत्तावीस फेब्रुवारीला परतीचा व्हिसा संपला. अठ्ठावीसला सकाळी युद्ध थांबलं. लोक गाड्यांचे भोंगे वाजवत रस्त्यावर आले. हाशमने मला मिठी मारली आणि मीही त्याला मारली, पण त्याचे हात मोकळे होते; माझ्या हातात ते "खलास" अजून होतं.

रविवारी मी विद्याला सांगितलं, व्हिसा गेला. ती म्हणाली, "युद्धाला तुम्ही काय करणार?" मी म्हणालो, हो ना. एवढंच. दोन अक्षरं. त्यानंतर दहा रविवार मी त्या दोन अक्षरांवर राहिलो. आणि ते दहा रविवार, काय सांगू, फार चांगले गेले. वकील रविवारी सकाळी क्लबात जातात. दिवाणखाना रिकामा असायचा. विद्या बोलायची. नववीतल्या मुलींनी बेडकाला नाव ठेवलं. मुख्याध्यापिकेची तिच्यावर बारीक नजर असते. ती आता सायकल चालवते, या वयात, गंगापूर रोडवर. "आज काय झालं?" मी विचारायचो आणि ती सांगायची. नेहमीचंच, असं ती एकदाही म्हणाली नाही. तिने मला कादिझबद्दल विचारलं आणि मी सांगितलं, तळाशी आहे, पण अजून बुडालेलं नाही. ती म्हणाली, मग आहे आशा. माझ्यावर तिला दया येत होती आणि ती दया मी खात होतो. फोन ठेवला की घशाशी यायची. दर रविवारी वाटायचं आज सांगू, आणि दर रविवारी ती काहीतरी इतकं गमतीचं सांगायची की ते बिघडवणं जिवावर यायचं. सांगितल्याशिवाय तिला बोलावणं म्हणजे एका खोट्यावर पुन्हा घर मांडणं. सांगितलं तर ती येईलच असं नाही. मधला रस्ता नव्हता. मी पट्ट्या आखून बघितल्या.

मे महिन्यात बार्सिलोना कादिझला जाऊन चार-शून्य हरलं आणि त्याच वेळी लीगचं विजेतंही झालं, कारण मागून येणाऱ्याची गाडी दुसरीकडेच अडली होती. पिलारने निकालाखाली पहिल्यांदाच एक जादा ओळ घातली : असंही जिंकता येतं. त्याच आठवड्यात अबू तुर्की नवा अर्ज घेऊन आला. आता परतीचा नाही, कुटुंबाचा नवीन व्हिसा, सगळं पहिल्यापासून. त्याने माझ्या वतीने भराभर भरला. नाव, धर्म, जन्मसाल. पत्नीचा व्यवसाय या रकान्यात तो न विचारता गृहिणी लिहायला लागला. मी त्याचा हात धरला. तो बघतच राहिला. सौदी माणसाचा हात असा कुणी धरत नाही. शिक्षिका आहे, मी म्हणालो. मग तिच्या शाळेचा राजीनामा लागेल, तो म्हणाला, दूतावासाचे शिक्के, चौकशी, एक वर्ष, कदाचित येणारच नाही. गृहिणीच लिहू, दोन महिन्यांत येईल. रकाना रिकामा ठेव, मी त्याला म्हटलं, रविवारनंतर सांगतो. हे मी अरबीत म्हणालो. तोवर मला तेवढं येऊ लागलं होतं.

रविवारी मी तिला आधी ते सांगितलं. मंदूबने मला पाच जानेवारीला विचारलं होतं. युद्ध सुरू व्हायच्या आधी. आणि मीच नको म्हणालो होतो. का, तेही सांगितलं. एकदाही न थांबता, अहवाल वाचावा तसं. पलीकडे काही ऐकू येईना. लाइन तुटली असं वाटून मी तिचं नाव घेतलं.

"आहे मी," ती म्हणाली. "पाच जानेवारी."

"हो."

"त्याच्या आदल्या आठवड्यात शाळेला नाताळची सुट्टी होती. दहा दिवस. शुक्रवारी सकाळपासून वकिलांकडे बसले होते मी, भाजी निवडत. बर्वेवहिनी म्हणाल्या, येईल गं फोन. दीड वाजता उठले."

बोलायचं होतं ते मी डिसेंबरात, त्या शुक्रवारी फोन करून, बोलायला हवं होतं. कॅबिनच्या काचेवर कुणीतरी बोटाने एक मल्याळी नाव लिहिलं होतं आणि ते उलटं दिसत होतं.

"दहा रविवार तुम्ही हो ना म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"आता का सांगितलंत?"

"अर्ज आलाय नवा. त्यात एक रकाना आहे, तुझा व्यवसाय. गृहिणी लिहिलं तर दोन महिन्यांत होईल. शिक्षिका लिहिलं तर बहुधा होणार नाही. मंदूब गृहिणीच लिहीत होता. मी थांबवलं. तुला विचारल्याशिवाय नको म्हटलं."

तिकडे रस्त्यावर एक सायकलची घंटा वाजली आणि कुणीतरी मुलगी "बाई" अशी हाक मारून गेली. विद्या फोनवर हात ठेवून तिला काहीतरी म्हणाली, बहुतेक येते म्हणाली. मग परत आली. तिचा आवाज रडवेला नव्हता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा होता.

"शिक्षिका लिहा," ती म्हणाली.

"मग मिळणार नाही, विद्या."

"कळलं मला. तुम्ही लिहा."

सोमवारी मी ते अरबीत, माझ्या अक्षरात लिहिलं. अबू तुर्कीने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शाई वाळायची वाट न बघता कागदाची घडी घातली.